कंबर घेऊन सुरतेला

सुरतेहून परतल्यापासून गल्लीत मला कुणी धड चालू देत नाही. आधी माझ्या चालीकडे बघतात, मग हातातल्या पिशवीकडे. "दुखायची राहिली का हो कंबर?" हा पहिला प्रश्न आणि "सुरतेची घारी मिठाई आणली का?" हा दुसरा. उत्तर द्यायला उभी राहिले की म्हणतात बसा ना, आणि बसले की विचारतात, उठताना त्रास होतो का? एकेकीला सांगून माझा घसा बसला, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचा आणि मला निवांत भाजी आणू द्या.

माझी कंबर तुम्हाला माहीत आहेच. मुलींच्या शाळेत फळ्यापुढे उभं राहून जन्म गेला, त्याचं हे बक्षीस. डॉक्टरांनी तिचा फोटो काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि "वय झालं बाई" म्हणाले. अहो, ते तर मला आरशातही दिसत होतं, त्यासाठी फोटो कशाला? गोळ्या घेतल्या, पण त्यांनी पोट जळायला लागलं. खरा आराम होता तो घरच्या शेकाचा. आमचे हे रोज संध्याकाळी तव्यावर जाडं मीठ गरम करायचे, जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधायचे आणि शेकता शेकता बाजारातल्या बातम्या सांगायचे. गुण मिठाचा की बातम्यांचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गेल्या हिवाळ्यात हे गेले, आणि मीठ काही बातम्या सांगत नाही.

या अखाजीला यांची पहिली घागर भरायची होती. आपल्या खानदेशात अखाजीला गेलेल्या माणसाची घागर भरतात हे तुम्हाला सांगायला नको, पण मुंबई-पुण्याची एखादी सून हे वाचत असेल तर तिच्यासाठी सांगते. अखाजी म्हणजे तुमची अक्षय तृतीया. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पुढे आंब्याचा रस, कुरडई आणि खापरावरचा मांडा. मांडा म्हणजे पुरणाचीच पोळी, पण तिला पोळपाट-लाटणं लागत नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा.

मागच्या अखाजीला मी खापरापुढे बसले आणि पहिलाच मांडा हातावर असताना अशी कळ आली की चौघींनी मला उचलून खाटेवर टाकलं. मांडा माझ्या हातातच. त्या दिवशी मांड्याऐवजी यांनी साधी लाटलेली पोळी खाल्ली आणि वर "छान झाली" म्हणाले. ते त्यांचं 'छान' मला अजून टोचतं. म्हणून मी ठरवलं होतं, यांच्या पहिल्या घागरीवर मांडा माझ्या हातचाच जाईल. कंबर काय म्हणेल ते म्हणो.

आमचा सुधाकर सुरतेला कापडाच्या गिरणीत आहे. घागर भरायची मुलाने, आणि गिरणी काही अखाजीची सुट्टी देत नाही. तेव्हा घागर सुरतेलाच भरायची असं ठरलं. तो मला न्यायला लवकरच आला. "माय, तठे सगळा उपाय शेतस," म्हणाला. तिथे सगळे उपाय आहेत म्हणे. बघू म्हटलं.

उधना

गाडीचं वर्णन करत नाही. सगळ्यांनी गाडी पाहिलेली आहे. एवढंच सांगते की सासूबाईंचं खापर मी गोधडीत गुंडाळून बरोबर घेतलं होतं, आणि नंदुरबारला चढलेल्या एका भल्या माणसाने ते फुटेल म्हणून आपली जागा त्याला दिली. खापर बाकावर बसून सुरतेला गेलं आणि मी खापराला धरून उभी. उधन्याला, सुरतेच्या अलीकडच्या स्टेशनावर, उतरले तेव्हा मी अशी वाकलेली होते की सुधाकरला वाटलं, माझं फलाटावर काही पडलंय. तोही वाकून शोधायला लागला.

डिंडोली

सुधाकरची खोली डिंडोलीला, गिरणीकामगारांच्या चाळीत. एका खोलीत अहिराणी, पुढच्या खोलीत बुलढाण्याकडची मराठी, समोर गुजराती, आणि पोरं सगळ्यांशी हिंदीत भांडतात. माझी सून शोभा सुरतेतच वाढलेली. मला "आत्याबाई" म्हणते, पण वरणात गूळ घालते. पहिल्या दिवशी मला वाटलं, घाईत गोडाच्या डब्यात हात गेला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी गप्प जेवले आणि वाईट गोष्ट अशी की मला ते आवडलं.

समोरच्या खोलीत जशीबेन राहतात. माझ्याच वयाच्या, माझ्या दुप्पट वजनाच्या आणि गुडघ्यांनी बेजार. आपल्याकडे दुखणं विचारलं तर बाई आधी "काही नाही हो" म्हणते. सुरतेत तसं नाही. जशीबेनने पहिल्याच भेटीत मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि आपल्या दोन्ही गुडघ्यांचा इतिहास सांगितला. डावा कधी बिघडला, उजवा त्याच्या नादाने कसा बिघडला, सगळं. मग म्हणाल्या, "हवे तमारी कमरनुं कहो." आता तुमच्या कंबरेचं सांगा! मी सांगितलं. माझ्या दुखण्याचं एवढ्या चवीने ऐकणारं माणूस मला यांच्यानंतर पहिल्यांदाच भेटलं होतं. अर्धं बरं तिथेच वाटलं.

जशीबेनचा उपाय तेलाचा. तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कडकवायचा, कोमट झालं की हलक्या हाताने चोळायचं. त्यांचा हात मात्र हलका नव्हता. शिवाय अंगाला लसणाचा असा वास सुटला की दारावरून जाणारी माणसं आत डोकावून विचारायची, आज काय केलंय?

तापीकाठी

सकाळी उन्हं चढायच्या आत जशीबेन मला बसने तापीवर न्यायच्या. गुडघाभर पाण्यात हळूहळू चालायचं, हाही त्यांचा उपाय. पाणी आपला भार उचलतं म्हणे. मला हसू आलं होतं, पण खरंच, पाण्यात कंबर निम्मी हलकी व्हायची. चालून झालं की ऊन लागलेल्या वाळूत पाठ टेकून पडायचं. पलीकडे म्हशी डुंबत असायच्या आणि अलीकडे आम्ही दोघी. लांबून बघणाऱ्याला फारसा फरक कळला नसेल.

एके दिवशी माझी चप्पल वाहून गेली. जशीबेन तिच्यामागे पाण्यातून अशा धावल्या की मी बघतच राहिले. चप्पल हाताला लागली नाही, पण काठावर आल्यावर त्यांना गुडघ्यांची आठवण झाली आणि मग त्या घरापर्यंत कण्हत आल्या. मी एका चपलेने त्यांना धरून, त्या दोन चपलांनी मला धरून.

हंसाबेनची मांजर

गिरणीतल्या कुणीतरी सुधाकरला सांगितलं की सरकारी दवाखान्यात हाडांच्या विभागात व्यायाम शिकवतात. तिथल्या हंसाबेन तरुण, सडपातळ, आणि मराठी बऱ्यापैकी बोलणाऱ्या. त्यांनी गरम पट्ट्यांनी पाठ शेकली, मला पालथं झोपवलं, उताणं केलं आणि मग म्हणाल्या, "आता मांजर व्हा."

हातापायांवर ओणवं राहायचं, श्वास सोडत पाठ वर न्यायची, श्वास घेत खाली. दवाखान्यात ठीक होतं. घरी मी सतरंजीवर मांजर झाले तर चाळीतल्या सगळ्या बाया दारात गोळा झाल्या. एकीने "म्याव करा ना, आजी" म्हटलं. मी शाळेत अठ्ठेचाळीस पोरींना एका नजरेत गप्प करणारी बाई, पण ओणव्या स्थितीत नजर कुठली चालायला!

आठवडाभराने मी हंसाबेनना सरळच विचारलं, "राहील कधी?" त्या खुर्ची ओढून माझ्यापुढे बसल्या. "बाई, खोटं नाही सांगत. पूर्ण जाणार नाही. कमी होईल, कधी जास्त होईल. तिला घेऊनच राहायला शिकायचं."

मला राग आला. एवढा प्रवास करून, म्हशींच्या शेजारी वाळूत लोळून, मांजर होऊन हे ऐकायचं? मी म्हटलं, "मग माझा मांडा?"

"मांडो एटले शुं?"

मांडा म्हणजे काय, हे सुरतेच्या बाईला तोंडाने कसं सांगणार? खिळ्याला एक ओला टॉवेल टांगलेला होता. तो घेतला, गोळा केला आणि दोन्ही हातांवर झेलून दाखवला. हंसाबेन आधी पोट धरून हसल्या. मग गंभीर होऊन माझ्याभोवती फिरल्या, खांद्याला हात लावून बघितला, पाठीला बघितला. म्हणाल्या, हे तुम्हाला जमेल. पण पाटावर बसून वाकायचं नाही. उंच खोक्यावर बसायचं, पाय जमिनीवर, आणि एका बैठकीत सगळं उरकायचं नाही. "दुखे ते पेलां उठी जवानुं." दुखायच्या आधी उठायचं.

"खापरावरून मध्येच उठत नाहीत," मी म्हटलं. आमच्या सासूबाईंचा तो कायदा होता. खापर तापलं की जिने पहिला मांडा टाकला तिनेच शेवटचा काढायचा. एकदा घरात विंचू निघाला तरी त्या उठल्या नव्हत्या, विंचवालाच जावं लागलं. आणि दुखायच्या आधी उठायचं म्हणजे काय? दुखत नाही तोवर तर कामं उरकून घ्यायची असतात! दुखायला लागलं की पडायचंच आहे. मी आयुष्यभर तशीच वागत आले आणि तुम्हीही तशाच वागता, मला माहीत आहे.

हंसाबेनने वाद घातला नाही. पुढच्या बाईला मांजर व्हायला सांगितलं.

दुधीचे दिवस

रागाच्या भरात मी जशीबेनबरोबर कडोदऱ्याच्या रस्त्यावरच्या एका निसर्गोपचारवाल्यांकडे गेले. ठाकोरकाका, खादीचा सदरा, म्हातारे आणि फार गोड माणूस. त्यांचा सगळा विश्वास मातीवर. चाळलेली, भिजवलेली, लोण्यासारखी मऊ काळी माती कापडावर पसरून पाठीला लावायची आणि झाडाखाली पडून राहायचं. खरं सांगते, उन्हाळ्यात त्याच्यासारखं सुख नाही. मी तिथे घोरले असं जशीबेन म्हणतात. मी मानत नाही.

पण बाहेर माती तर आत दुधी. उकडलेला, बिनमिठाचा, सकाळ-संध्याकाळ. सुरतेत येऊन दुधी! फाटकाबाहेर गाडीवर वाफाळता लोचो, म्हणजे सैलसर ढोकळाच, वर तेल आणि शेव, त्याचा वास सरळ झाडाखाली यायचा. उपचार संपला की आम्ही दोघी पाठीची माती धुऊन थेट गाडीवर. ठाकोरकाकांना वाटायचं, माझा चेहरा मातीने उजळतोय.

तिथेच माझ्या डोक्यात आलं. शोभाच्या खोलीत वातीचा स्टोव्ह. त्यावर खापर कसं बसणार? खापराला चूल हवी, चुलीला माती हवी, आणि इथे तर टबभर माती मळून तयार! आपल्याकडची कुठलीही बाई अशी माती बघून नुसती पाठीला लावून परत आली असती का, सांगा. मी काकांना म्हटलं, "थोडी माती घरी न्यायला मिळेल का?"

काकांचे डोळे भरून आले. "घरे पण करशो? वाह बेन, केटली श्रद्धा!" घरीही उपचार करणार, केवढी ही श्रद्धा, असं वाटून त्यांनी घमेलंभर माती दिली. मी सांगणारच होते, पण जशीबेनने मला चिमटा काढला. सुधाकरने ती सायकलच्या मागे बांधून आणली. शर्टाच्या पाठीवर एवढा चिखल उडाला की न मागता त्याचाही उपचार झाला.

चाळीच्या अंगणात चूल घालायला बसले. आता चूल कशी घालतात? एक थर द्यायचा आणि थांबायचं. तो जरा सुकल्याशिवाय दुसरा दिला तर सगळंच बसतं. मी थर दिला, उठले, घरात जाऊन चहा केला. आले, दुसरा दिला, पुन्हा उठले, जशीबेनशी बोलले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी कडा गुळगुळीत करताना लक्षात आलं, इतकं बसून-उठून काम केलं पण कंबरेने एकदाही हाक मारली नाही. मी मातीचा हात तसाच धरून उभी राहिले. हंसाबेन सांगत होत्या तेच मी करत होते, फक्त मला ते मातीने करायला लावलं होतं. माणसाचं ऐकलं नसतं.

आणि नेमके त्याच वेळी ठाकोरकाका माझी चौकशी करायला चाळीत आले. त्यांनी मला बघितलं, चुलीला बघितलं, वाकून मातीचा वास घेतला. आपली माती त्यांनी ओळखली.

"बेन," ते म्हणाले, "आ माटी तो पीठ माटे हती." पाठीसाठी होती ही माती!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "काका, पाठीसाठीच आहे. अखाजीला या, दाखवते."

अखाजी

शोभाचा भाऊ चलथाणच्या साखर कारखान्यात कामाला आहे. त्याने पुरणासाठी जवळच्या गुऱ्हाळाचा गूळ पाठवला. आंबे जशीबेनने वलसाडचे आणवले. सुधाकर रात्रपाळी करून आला, आंघोळ केली आणि घागर भरायला बसला. मी खोक्यावर बसले, पाय जमिनीवर. खापर तापलं. चाळ सगळी अंगणात, ठाकोरकाका खुर्चीवर.

आता एक सांगायचं राहिलं. पहिला मांडा फाटतो. खापर नीट तापलेलं नसतं, हात बसलेला नसतो, त्यामुळे कितीही सुगरण असली तरी पहिला फाटतोच. आमच्या घरी हे ताट घेऊन दाराशी बसायचे आणि पहिला पडला रे पडला की म्हणायचे, "फाटका माझा." इतकी वर्षं यांनी कधी अख्खा आधी घेतला नाही. सुधाकरचं उलटं. त्याला लहानपणापासून गोल आणि अख्खाच लागायचा, कड जरा उसवली की ताट सरकवायचा.

मी उंडा हातावर घेतला. झेलत झेलत कोपरापर्यंत आणला, खापरावर टाकला आणि तो मधोमध फाटला.

शोभा हळूच म्हणाली, "आत्याबाई, हा बाजूला ठेवू. घागरीवर पुढचा चांगला ठेवू."

"घागरीवर हाच जाईल," मी म्हटलं.

सुधाकरने माझ्याकडे बघितलं. फाटका मांडा घडी करून पानावर ठेवला, रस वाढला आणि घागरीपुढे बराच वेळ डोकं टेकून राहिला. मी रडले. धूर होता, पण धुराने नाही.

मग पुढचे मांडे उतरायला लागले. असे गोल, असे पातळ की जशीबेन "ओ बाप रे" म्हणत टाळ्या वाजवायला लागल्या. पहिली पंगत बसली. उकडलेल्या दुधीचे ठाकोरकाका रसात बुडवून मांडा खात होते आणि वर मान करत नव्हते. हात चांगला बसला होता, कंबर शांत होती. आता सगळे उरकून टाकू, असं मनात आलं. आणि तेव्हाच मला चूल दिसली, माझ्या हातची, थरांची.

अजून दुखत नव्हतं. मी उठले.

"शोभा, बैस."

ती घाबरली. "आत्याबाई, खापर सोडून उठतात का? आणि मला नाही येत, माझा फाटेल." सासूबाई होत्या तोवर त्यांनी मला कधी खापरापुढे बसू दिलं नव्हतं आणि मीही तिला आजवर बोलावलं नव्हतं. मी तिच्या हातावर उंडा ठेवला आणि मागे उभी राहिले. तिने डोळे बारीक करून तो झेलला, वाढवला, खापरावर टाकला. मांडा पडला तो तीन ठिकाणी भोकं घेऊनच. पोरीचा चेहरा एवढासा झाला.

पंगतीत बसलेल्या सुधाकरने ताट पुढे केलं.

"फाटका माले दे," तो म्हणाला.